पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृतच्या व्यासंगी विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. बारामती व इंदापूर तालुक्यांना लागून असलेल्या दौंड तालुक्यातील केडगाव (जि. पुणे) ही त्यांची उत्तरायुष्यातील कर्मभूमी होय.

पूर्वायुष्य

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत वैधव्य आले. त्यानंतर पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

विद्यार्थिदशा आणि श्रद्धेचा शोध

वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या सहवासात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा संघ अँग्लिकन पंथातील कॅथलिक परंपरेला जवळचा होता. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीतही.

बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका मिटल्या नाहीत, उलट वाढल्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. सिस्टर जेराल्डिन यांना त्यांच्याकडून आज्ञापालनाची अपेक्षा होती. प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र पत्रांतून त्यांच्या प्रश्नांशी धीराने वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जाचातून सुटल्यावर दुसऱ्याच्या अधीन व्हायचे नाही, यावर रमाबाई ठाम होत्या. क्रुसावरील लॅटिन अक्षरेही त्यांना नको होती. ती संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. हा पत्रव्यवहार त्यांच्या चरित्रातील सर्वांत मौलिक भाग म्हणावा लागेल.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई (पुढे आनंदीबाई कर्वे) या त्याच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या आर्थिक साहाय्याला एक अट होती: सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही. रमाबाई ते देत नसत. मात्र कन्या मनोरमेसह त्या प्रार्थनेस बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या.

हे धर्मशिक्षण नव्हे काय, यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. विश्वासाने सोपविलेल्या कोवळ्या मुलींबद्दलची त्यांची चिंता अनाठायी होती, असे म्हणता येत नाही. पण चेल्टनहॅमला स्वतःच्या शंकांचा हक्क मागणाऱ्या रमाबाई या मुलींपुढे दार लावून घेण्यास तयार नव्हत्या.

केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ मध्ये असोसिएशनची मूळ दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा जुनी अटही गेली आणि संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. तेथील छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. मनोरमा १९२१ मध्ये निवर्तल्या. पुढच्या एप्रिलमध्ये, अनुवादाचे काम हातावेगळे होताच, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले.