आयर्टन सेन्ना वळणावर उजव्या पायाने नक्की काय करायचा, ते टेलिमेट्रीने दाखवून दिलं

सोशल मीडियावर एक जुना व्हिडिओ अधूनमधून फिरत असतो. जपानमधला सुझुका ट्रॅक, होंडाची एनएसएक्स गाडी आणि पेडल्सवर पांढरे मोजे, लोफर्स घातलेले पाय. वळण आलं की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर टकटक करायला लागतो. दाब, सोड, दाब, सोड. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गडी नवशिका आहे. पण ते पाय तीन वेळच्या फॉर्म्युला वन वर्ल्ड चॅम्पियनचे आहेत.

आयर्टन सेन्नाचा जन्म 21 मार्च 1960 चा, ब्राझीलच्या साओ पाउलोमधला. घर खात्यापित्या माणसांचं. पोरगा चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवून त्याला छोटी गो-कार्ट बनवून दिली. पुढे इंग्लंडला जाऊन त्याने 1983 ची ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकली आणि 1984 मध्ये टोलमन या लहानशा टीममधून फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकलं.

त्याच वर्षीचा एक किस्सा त्याचे इंजिनिअर पॅट सिमंड्स यांनी नंतर सांगितलाय. अमेरिकेत डॅलसच्या रेसमध्ये सेन्नाची गाडी काँक्रीटच्या भिंतीला घासली आणि तो बाहेर पडला. त्याचं म्हणणं, चूक माझी नाही, भिंतच हललीय. असं कोण ऐकून घेणार? पण त्याने हट्टच धरला म्हणून सिमंड्स त्याच्यासोबत चालत जाऊन बघून आले. आधी कोणाची तरी गाडी धडकून भिंतीचा ठोकळा खरोखर काही मिलिमीटर पुढे सरकला होता.

गाडीच्या बाबतीत इतकी बारीक जाणीव असलेल्या या माणसाची गाठ 1987 मध्ये होंडाच्या इंजिनाशी पडली, आधी लोटस टीममध्ये आणि 1988 पासून मॅकलॅरनमध्ये. होंडाने त्या काळी टेलिमेट्रीवर प्रचंड जोर दिला होता.

टेलिमेट्री म्हणजे गाडीवरच्या सेन्सर्सनी वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय याची सतत नोंद घ्यायची आणि ती पिटमधल्या इंजिनिअर्सपर्यंत पोचवायची. एकाच टीमच्या दोन ड्रायव्हर्सचे ग्राफ एकावर एक ठेवले की लबाडीला जागा उरत नाही. कोणी ब्रेक आधी मारला, वळणाच्या मध्यावर कोणाचा वेग जास्त होता, बाहेर पडताना कोणी पाय आधी टाकला, सगळं कागदावर. लॅपमध्ये गेलेले दोन दशांश सेकंद कुठल्या वळणावर गेले, तेही कळतं.

मॅकलॅरनमधला त्याचा जोडीदार ॲलन प्रोस्ट वळणावर अगदी अलगद, एकसारखा पाय टाकायचा. पुस्तकी पद्धत तीच. सेन्नाच्या ॲक्सिलरेटरची रेघ मात्र करवतीच्या दात्यांसारखी.

ही सवय आली कुठून? सर्रास सांगितलं जाणारं कारण टर्बो इंजिनाचं आहे. ॲक्सिलरेटर सोडला की टर्बो मंदावतो आणि परत दाबल्यावर ताकद यायला वेळ लागतो. वळणातच टकटक करत राहिलं तर तो फिरता राहतो. पण 1989 मध्ये टर्बोवर बंदी आली, तरी सेन्नाचा पाय थांबला नाही. म्हणून दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं: प्रत्येक ठोक्याला तो मागच्या टायरची पकड चाचपून बघत होता. टायर सुटायला लागला की पाय वर, पकडला की खाली. यात टायरची झीज जास्त होते, त्यामुळे हे सगळ्यांनी करावं असं नाही.

सेन्ना नुसताच अंगभूत कौशल्यावर विसंबून राहणारा नव्हता. ट्रॅकवरून आला की तो इंजिनिअर्ससोबत ग्राफ घेऊन तासन् तास बसायचा. 1988, 1990 आणि 1991 ही तिन्ही विजेतेपदं होंडाच्या इंजिनावरच आली. 1989 मध्ये सुझुकाला त्याने 1 मिनिट 38.041 सेकंदांत पोल घेतली. प्रोस्ट दुसरा, पण तब्बल 1.7 सेकंदांनी मागे. (रेसमध्ये दोघांची टक्कर झाली, सेन्ना अपात्र ठरला आणि विजेतेपद प्रोस्टला गेलं. ती कहाणी वेगळी.)

1994 मध्ये तो विल्यम्स टीममध्ये गेला. 1 मे रोजी इटलीत इमोलाच्या रेसमध्ये, सातव्या लॅपला, टांबुरेलो वळणावर त्याची गाडी सरळ बाहेर गेली. तो गेला तेव्हा 34 वर्षांचा होता. ट्रॅक सोडताना वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर होता आणि भिंतीवर आदळेपर्यंत त्याने तो बराच खाली आणला होता. हेही टेलिमेट्रीनेच सांगितलं. मग तेच आकडे घेऊन कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला: स्टीअरिंगचा दांडा आधी तुटला की धडकेत? 2007 मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने दांड्यातल्या सदोष बदलाची जबाबदारी विल्यम्सचे तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांच्यावर ठेवली. मुदत उलटून गेल्याने शिक्षा झाली नाही.

1989 च्या त्या सुझुका लॅपचे आकडे होंडाकडे होतेच. 2013 मध्ये त्यांनी रात्री रिकाम्या ट्रॅकभर स्पीकर आणि दिवे लावले आणि जुन्या टेलिमेट्रीवरून इंजिनाचा आवाज पुन्हा तयार केला. गाडी नाही, ड्रायव्हर नाही. दिव्यांची एक रेघ आणि तो आवाज सुझुकाच्या वळणांवरून पुढे पळत गेला, 1 मिनिट 38.041 सेकंदांत.