अनंतशास्त्र्यांची कन्या आणि केडगावचे मुक्तिसदन

सह्याद्रीच्या कुशीत, आजच्या कर्नाटकात, गंगामूळ नावाचे अरण्यस्थान आहे. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. स्त्रीने देववाणी शिकणे ज्या काळी पाप मानले जाई, त्या काळी शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वजनांचा रोष ओढवून घेतला. पुढे त्याच मातेने पहाटेच्या प्रहरी आपल्या धाकट्या लेकीस मांडीवर घेऊन श्लोक पढविले. तीच पंडिता रमाबाई. नाताळच्या निमित्ताने एका ख्रिस्तभक्ताचे चरित्र आठवावयाचे, तर महाराष्ट्रात याहून जवळचे दुसरे क्वचितच सापडेल.

दानधर्मात वित्त सरले आणि हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी, पुढल्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम कैक वर्षे चालला. आम्हां कीर्तनकारांस हा शिधा परका नाही. तो किती बेभरवशाचा असतो हेही आम्ही जाणतो. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा तर तोही आटला. मोलमजुरी करणे शास्त्रीकुळास माहीत नव्हते. व्रते झाली, अनुष्ठाने झाली, उरलेसुरले किडुकमिडुक विकून झाले. १८७४ मध्ये पिता गेला, पाठोपाठ माता, मागाहून थोरली बहीण. मातेच्या प्रेतास खांदा देण्यास पुरेसे ब्राह्मण मिळेनात, तेव्हा कन्येनेच तिरडी उचलली. तिची उंची कमी पडली म्हणून भार डोक्यावर घेतला. त्या दिवसांत रमाबाईंची जुन्या श्रद्धेवरील निष्ठा ढळली. भाविक वाचकांस हे बोचेल; परंतु उपाशी लेकरापुढे आपले प्रवचन किती टिकते, याचा विचार आपणही करावयास हवा.

भाऊ-बहीण पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी तिने जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही नेला. चोविशी गाठण्याआधीच या स्त्रीच्या मागे तान्ह्या मुलीवाचून कोणीही उरले नव्हते.

पुण्यास आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यास इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मात्र बाप्तिस्म्याने त्यांस लगेच शांती लाभली, असे कोणी समजू नये. गुरुस्थानी असलेल्या भगिनींशीही त्यांनी मतांवरून वाद मांडला. जे बुद्धीस पटत नाही ते केवळ आज्ञा म्हणून मानणे त्यांस जमले नाही. त्यांच्याच कथनानुसार, धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांस सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास झाली आणि तेव्हा कोठे चित्त स्थिरावले. शास्त्र मुखोद्गत असणे निराळे आणि देव भेटणे निराळे, हा भेद आपल्या संतांच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

दरम्यान ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती वळण लावल्याचा आरोप झाला. रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. पुणेकरांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण पुढे बाईंच्या आश्रयास आलेल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. पण त्या मुलींना तोवर आपण कोणी दार उघडले होते, हा प्रश्न उरतोच.

खरी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतात मुली अन्नावाचून रस्त्यावर पडल्या आहेत हे कळताच बाईंस आपले बालपण आठवले. हाताशी पैसा नव्हता. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांची मदत १८९८ मध्ये संपावयाची होती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालविला, ते चरित्र त्यांनी वाचलेले होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून दौंडच्या वाटेवरील केडगावच्या माळावर, छपरांखाली बिऱ्हाड मांडले. तेच मुक्तिसदन. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उद्याचे धान्य कोठून येईल याचा हिशेब नसताना नव्या मुलीस परत पाठवावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय होता.

हा भरवसा हातावर हात ठेवून बसणाऱ्याचा नव्हता. त्यांनी विहिरी खणविल्या, बागा लावल्या, मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकविली. पित्याच्या घरी प्रार्थना होती, कष्ट नव्हते. कन्येने दोन्हींची सांगड घातली, असे मला वाटते.

उत्तरायुष्य त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या. आमच्यासारख्या संस्कृतज्ञास नवल वाटते ते याचे, की संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचे, त्यांनी या ग्रंथातून जड संस्कृत शब्द कटाक्षाने वगळले. अल्पशिक्षित बाईलाही ते कळावे, हा हेतू. जिच्यावर संस्थेचा भार सोपवावयाचा होता, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस निवर्तली. तीन विसांहून अधिक वयाच्या, जवळजवळ बहिऱ्या झालेल्या आईने शोक आवरून मुद्रिते तपासणे पुन्हा सुरू केले. केडगावच्याच छापखान्यात, कधीकाळी दुष्काळातून उचलून आणलेल्या स्त्रिया खिळे जुळवीत होत्या. भाषांतराचे काम आटोपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी तेथेच देह ठेवला.