संत ज्ञानेश्वर : सगळं आधीच ठरलेलं असेल तर?



गेल्या महिन्यात चौथीच्या वर्गाला मी संत ज्ञानेश्वरांची माहिती सांगत होते. रेड्याची गोष्ट झाली, भिंत चालवल्याची झाली. मुलं खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. देवाला आपलं पुढचं सगळं माहीत असतं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग आपण अभ्यास केला काय आणि नाही केला काय, होणार तेच होणार ना, हा त्याचा पुढचा प्रश्न. घरी त्याला सांगितलंय की सटवाईने त्याच्या कपाळावर कोयताच लिहिलाय. आमचं गाव शेवगाव तालुक्यात. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला जातात, आणि हा मुलगाही दरवर्षी आईवडिलांबरोबर जातो.

मला उत्तर सुचलं नाही. घंटा झाली म्हणून सुटले म्हणा. त्या रात्री ज्ञानेश्वरांचं चरित्र पुन्हा काढलं आणि हाच एक प्रश्न मनात धरून वाचलं. तुम्हालाही उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

ज्ञानेश्वरांचा जन्म साधारणपणे शके ११९७, म्हणजे इ. स. १२७५ चा मानतात. गाव पैठणजवळचं, गोदाकाठचं आपेगाव. वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणीबाई. विठ्ठलपंत बायकोला सोडून काशीला गेले आणि संन्यासी झाले. पुढे त्यांचे गुरू फिरत फिरत आळंदीला आले. रुक्मिणीबाई पाया पडल्या, तेव्हा गुरूंनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद देऊन टाकला. मग कळलं की हिचा नवरा आपलाच शिष्य! परंपरा सांगते ती ही गोष्ट. गुरूंनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवलं. नंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई अशी चार मुलं झाली.

संन्याशाची मुलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. मुंज नाही, पंगत नाही. शास्त्री मंडळींनी विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि मुलांचं तरी भलं व्हावं म्हणून नवरा-बायकोने नदीत देह ठेवला. चार पोरकी मुलं मागे राहिली. थोरला निवृत्ती, तोही लहानच.

इथे मी जरा थांबले. आपण मुलांना हा भाग दोन वाक्यांत सांगतो आणि रेड्याकडे पळतो. पण या चार मुलांच्या कपाळावर काय लिहिलंय हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पोथ्यांचा आधार देऊन ते त्यांना ऐकवलंही गेलं होतं. त्यात बदल नाही, असंच सगळे धरून चालले होते.

मुलं पैठणला गेली, तिथल्या विद्वानांपुढे उभी राहिली. रेड्याच्या तोंडून वेद वदवले ती कथा इथली. तिथून ती नेवाशाला आली. नेवासं म्हणजे आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं गाव. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये इथे ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. साल, राजा रामचंद्रदेव यादव, गोदावरीचा दक्षिण तीर, लिहून घेणाऱ्याचं नाव, या सगळ्यांची नोंद ग्रंथाच्या शेवटी आहे. सुमारे ९ हजार ओव्या, आणि सांगणाऱ्याचं वय १५! आपल्याकडे या वयाचं पोर दहावीत असतं.

ज्या खांबाला टेकून त्यांनी निरूपण केलं असं मानतात, तो पैस खांब आजही नेवाशात आहे. पूर्वी तिथे करवीरेश्वराचं देऊळ होतं. देऊळ गेलं, खांब राहिला. खांबावर शिलालेख आहे. त्यात देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला 'पैस' हे नाव याच खांबावरून दिलं. सहल नेलीत तर मुलांना खांब दाखवाच, पण शिलालेखात काय आहे तेही सांगा.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप बघतो. लढाईत अजून एकही बाण सुटलेला नाही, आणि त्याला भीष्म, द्रोण, कर्ण काळाच्या तोंडात शिरताना दिसतात. कृष्ण त्याला सांगतो की हे मी आधीच मारलेले आहेत, तू फक्त निमित्त हो. ज्ञानेश्वर इथे बाहुल्यांची उपमा देतात. नाचवणारी दोरीच तुटली, तर खांबावरच्या बाहुल्या कोणीही धक्का दिला तरी पडतात. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचं बरोबरच की! निकाल लागलेला आहे, पेपर नंतर.

पण गीता तिथे संपत नाही. अजून सात अध्याय बाकी आहेत. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. ज्याला शेवट माहीत आहे, तोच समोरच्याला निवड करायला सांगतो. मला हे वाचताना फार विचित्र वाटलं. शेवट ठरलेलाच असेल तर सातशे श्लोक समजावत बसायची गरज काय होती? अर्जुनाला बाहुलीसारखं उचलून उभं केलं असतं तरी चाललं असतं.

त्याच अध्यायात कुठल्याही कामाची पाच कारणं दिली आहेत. देह, करणारा, त्याची साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. दैव नाही असं गीता म्हणत नाही, ज्ञानेश्वरही म्हणत नाहीत. पण ते पाचांतलं एक आहे, आणि करणारा वेगळा मोजलेला आहे. आपण बोलताना उरलेली चार गाळून टाकतो.

नवव्या अध्यायात ज्ञानेश्वरांचा एक दृष्टान्त आहे, तो मला सगळ्यात जवळचा वाटला. घरात दिवा लावून ठेवला, तर तो कोणाला काही कर म्हणत नाही आणि कोणाला अडवतही नाही. त्याच्या उजेडात घरातली माणसं आपापली कामं करतात. कामं उजेडामुळेच होतात, पण ती दिवा करत नाही. ईश्वर तसा साक्षी आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या दृष्टान्तातल्या दिव्याला कोण काय करतंय हेही माहीत नसतं, मग पुढचं ठाऊक असणं तर लांबच. त्यामुळे मुलाच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर होत नाही.

हा प्रश्न जगभर विचारला गेलाय. इ. स. ५२४ च्या सुमारास इटलीत बोएथियस नावाचा विद्वान तुरुंगात शिक्षेची वाट बघत होता. तिथे त्याने यावर लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं : आपल्याला काळ एकामागून एक दिसतो, देवाला सगळा एकदमच समोर दिसतो. आणि कोणी चालताना आपल्याला दिसलं, म्हणून आपण त्याला चालायला लावलं असं होत नाही.

वर्गात मी आपलं शिक्षकाचं उदाहरण दिलं. उद्या गृहपाठ कोण आणणार नाही हे मला आजच माहीत असतं, म्हणून काही माझ्यामुळे तो राहत नाही. एक मुलगी लगेच म्हणाली, बाई, तुमचा अंदाज चुकतो, देवाचा कसा चुकेल? बरोबर बोलली. पण तिच्या बोलण्यावरून मला दुसरंच काही लक्षात आलं. मनात जाणणं वेगळं आणि मुलाच्या तोंडावर तुला हे जमणार नाही म्हणणं वेगळं. तसं म्हटलं की मी दिवा राहत नाही, मी धक्का देते. विठ्ठलपंतांच्या मुलांना लोकांनी ऐकवलं ते असंच होतं. आणि खरं सांगायचं तर तसं मीही कधीतरी बोललेली आहे.

नेवाशात ग्रंथ संपवताना ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं. आपण ते रोज परिपाठात म्हणतो, पण ते मागणं आहे हे विसरतो. दुष्टांचा दुष्टपणा जावा असं ते मागतात. जो सगळं पक्कं ठरलेलं मानतो तो मागत कशाला बसेल? त्यांनी भविष्य सांगितलं नाही. ज्या रामचंद्रदेवाचं नाव त्यांनी घेतलं, त्याच्या देवगिरीवर सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. ग्रंथात त्याची चाहूल नाही.

मग चांगदेव भेटले. योगबळाने मरणाची वेळ चुकवत ते चौदाशे वर्षं जगले अशी कथा आहे. त्यांची समाधी आपल्या राहाता तालुक्यात पुणतांब्याला आहे. त्यांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच चांगदेव पासष्टी. शेवटची तारीख टाळत राहिलेला म्हातारा शेवटी मुक्ताबाईचा शिष्य झाला. आणि ज्ञानेश्वरांनी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, वयाच्या २१ व्या वर्षी, आळंदीला समाधी घेतली. दिवस त्यांना आधीपासून माहीत होता, कारण तो त्यांनीच ठरवला होता. पुढे वर्षभरात सोपान, मुक्ताबाई आणि निवृत्तीनाथही गेले.

हे सगळं चौथीला सांगितलं नाही. दिवा आणि पाच कारणं एवढंच सांगितलं. पाच कारणं मुलांनी बोटांवर मोजली.

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले तेव्हा त्यांनाही पाच बोटं दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मुकादमाकडून उचल घेतलीय बाई, ती फेडायला जावंच लागणार. त्यावर मी काय बोलणार? तुम्ही जा, पोराला ठेवा, एवढंच म्हणाले. आजी घरी आहे, आणि हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. अर्ज मी भरून ठेवला आहे. वडिलांची सही व्हायची आहे. गाड्या दिवाळीनंतर भरतील.