मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१५ सप्टेंबर १८६० – एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंते, प्रशासक व म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. काही नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १८६१ असे आढळते. धरणे, कालवे, पाणीपुरवठा व पूल यांच्या कामांतील नियोजन, काटेकोर हिशेब आणि ठरल्या मुदतीत काम पुरे करण्याची शिस्त यांसाठी ते ओळखले जातात. त्यांचे शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीचा आरंभ नाशिक व खानदेशात झाला. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला.

जन्म व शिक्षण

विश्वेश्वरय्या यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. ते लवकर निवर्तल्यामुळे कुटुंबाची ओढाताण झाली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना विश्वेश्वरय्या यांनी शिकवण्या करून आपला खर्च भागवला. १८८१ मध्ये ते बी.ए. झाले. पुढे म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रवेश घेतला. १८८३ च्या स्थापत्य परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले व त्यांना जेम्स बर्कली पारितोषिक मिळाले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

खानदेशातील कार्य

पहिल्या नेमणुकीनंतर विश्वेश्वरय्या नाशिकहून धुळ्यास आले. त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता. धुळे, जळगाव, भुसावळ आणि आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाणारे एदलाबाद ही सर्व ठिकाणे त्यातच मोडत. पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन १९०६ मध्ये झाले. तापी, तिला चांगदेव येथे मिळणारी पूर्णा, गिरणा आणि पांझरा या नद्यांमुळे येथे रस्ता असो वा पाट, प्रत्येक कामात नदी ओलांडण्याचा प्रश्न येई. उन्हाळ्यात कोरडी पडणारी पात्रे पावसाळ्यात अचानक दुथडी भरून वाहत. त्यामुळे पायाचे काम पावसाआधी किती पुढे जाते, यावर साऱ्या बांधकामाचे भवितव्य ठरे.

धुळ्याच्या पश्चिमेस साक्रीच्या बाजूला असलेल्या दातर्ती या गावाजवळ पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाचा सायफन बांधण्याचे काम तरुण विश्वेश्वरय्या यांच्याकडे आले. अशा रचनेत पाटाचे पाणी बंद नळातून प्रवाहाच्या तळाखालून नेले जाते आणि पलीकडच्या काठावर ते स्वतःच्याच दाबाने वर येते. काम सुरू असतानाच पावसाळा लागला. पुराबरोबर वाहून आलेली वाळू खोदकामात साचू लागली आणि केलेले काम वाया जाऊ लागले. पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे, अशी सूचना विश्वेश्वरय्या यांनी वरिष्ठांना लेखी कळवली. वरिष्ठांना ती रुचली नाही. नव्या अधिकाऱ्याने हाती घेतलेल्या कामाबाबत अशी भूमिका घेणे शिस्तीला धरून नाही, असे त्यांचे मत पडले.

नोकरीच्या पहिल्याच वर्षातील हा प्रसंग होता. वरिष्ठांचा प्रतिकूल शेरा पडता तर पुढील बढतीवर त्याची छाया पडली असती. विश्वेश्वरय्या यांनी वाद वाढवला नाही. त्यांनी कामाच्या जागी तळ ठोकला, पुराच्या उघडिपी साधून काम पुढे रेटले आणि सायफन पुरा केला. ज्या वरिष्ठांनी नापसंती दर्शवली होती, त्यांनीच पुढे या कामगिरीबद्दल समाधान नोंदवले. ऋतुमान, मजूर, साहित्य व मुदत यांचा एकत्र विचार करण्याची जी पद्धत त्यांच्या पुढील मोठ्या प्रकल्पांत दिसते, तिचा पहिला कस खानदेशातील या लहानशा कामात लागला.

मुंबई इलाख्यातील सेवा

यानंतर त्यांनी सिंध प्रांतातील सक्कर शहराची पाणीपुरवठा योजना पूर्ण केली. पुढे सुरत व पुणे येथे त्यांनी काम केले. पुणे भागातील नीरा कालव्यावर त्यांनी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचवली. ऊस, भात आणि कोरडवाहू पिके यांची पाळी ठरवून देऊन तेच पाणी अधिक गावांना मिळावे, हा तिचा हेतू होता. प्रारंभी शेतकऱ्यांचा तिला विरोध झाला. खडकवासला धरणाची भिंत न वाढवता जलाशयात जास्त पाणी साठावे, यासाठी त्यांनी स्वयंचलित दरवाजांची रचना केली. हे दरवाजे १९०३ मध्ये तेथे बसवण्यात आले. पाणी ठरावीक पातळीवर पोहोचताच ते आपोआप उघडत आणि पूर ओसरताच मिटत. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याविषयी सल्ला देण्यासाठी सरकारने त्यांना तेथे पाठवले.

अनेक ज्येष्ठांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या. परंतु मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची आशा त्या काळी नव्हती. हे ओळखून १९०८ मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी सेवानिवृत्ती घेतली.

हैदराबाद व म्हैसूर

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुरात हैदराबाद शहराची अपरिमित हानी झाली. निजाम सरकारच्या विनंतीवरून विश्वेश्वरय्या यांनी पूरनियंत्रणाची योजना आखली. उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय त्या योजनेतून उभे राहिले.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. खालच्या बाजूच्या मद्रास सरकारने धरणाच्या उंचीला हरकत घेतल्याने सुरुवातीला कमी उंचीलाच परवानगी मिळाली. तरीही विश्वेश्वरय्या यांनी पुढील वाढीव उंचीला पुरेल असा पाया आधीच घातला. चुना व सुरखी यांच्या गाऱ्यात दगडी बांधकाम करण्यात आले. हजारो मजूर कामावर होते. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वेळेवर वीज पुरवणे भाग असल्याने मुदत पाळण्यासाठी रात्रीही दिव्यांच्या उजेडात काम चाले.

१९१२ मध्ये ते संस्थानाचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत म्हैसूर बँक (१९१३) व म्हैसूर विद्यापीठ (१९१६) यांची स्थापना झाली. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची योजनाही त्यांचीच. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा देण्याच्या धोरणाबाबत महाराजांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी पद सोडले. गुणवत्तेवरच निवड व्हावी, या मताला ते चिकटून राहिले. मागासलेल्या वर्गांना संधी नाकारणारी म्हणून या भूमिकेवर टीकाही झाली.

उत्तरायुष्य

१९३४ मध्ये भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेची मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. बिहारमध्ये गंगेवर रस्ता व रेल्वे यांचा संयुक्त पूल कोठे बांधावा, यावर वाद होता. विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने मोकामा येथील जागा निश्चित झाली. सुमारे २ किलोमीटर लांबीचा हा राजेंद्र सेतू १९५९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पांझरेच्या एका प्रवाहापासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द अशी गंगेच्या पात्रापर्यंत पोहोचली.

१५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली व भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१५ सप्टेंबर हा दिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूर येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.