अग्निबाणांचे जनक : रॉबर्ट गॉडर्ड

आकाशात झेपावणाऱ्या अग्निबाणाचे चित्र आज लहान मूलही ओळखते. परंतु द्रवरूप इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण ज्यांनी उडविला, त्या रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याचा अल्प परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

रॉबर्टचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे तो शाळेत सोबत्यांच्या मागे पडला. पण वाचनाची गोडी त्याला अंथरुणावरच लागली. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या तोडण्यास चढला असता, मंगळापर्यंत जाणारे यंत्र करता येईल काय, असा विचार त्याच्या मनात आला. त्या दिवसाची आठवण त्याने आयुष्यभर जपली. पुढे वूस्टरच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिकत असता १९०७ साली त्याने तळघरात दारूचा बाण पेटविला आणि सारी इमारत धुराने भरून टाकली! सुदैवाने अध्यापकांनी त्याला घालवून न देता त्याच्या प्रयोगात लक्ष घातले.

१९११ साली गॉडर्ड यांना क्लार्क विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली. दोनच वर्षांनी क्षयाने त्यांना गाठले. त्या दुखण्यातून उठत असतानाच त्यांनी आपल्या कल्पना कागदावर उतरविल्या, आणि १९१४ साली द्रव इंधनाचा अग्निबाण व अनेक टप्प्यांचा अग्निबाण यांची दोन एकस्वे मिळविली.

बाण करणे हे अर्धेच काम. तो सोडावा कशावरून, हा प्रश्न राहतोच. नोव्हेंबर १९१८ मध्ये गॉडर्ड यांनी सैन्याधिकाऱ्यांसमोर नळीतून बाण सोडून दाखविले, तेव्हा नळीला आधार म्हणून त्यांनी वादक आपले कागद ठेवतात तसली घोडी वापरली होती. प्रयोग यशस्वी झाला. पण पाचच दिवसांनी महायुद्ध थांबले आणि ती गोष्ट तशीच राहिली.

जानेवारी १९२० मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने त्यांची जाहीर थट्टा केली. पोकळीत रेटा देण्यास हवा नसताना बाण पुढे जाईल कसा, शाळेत शिकविले जाणारे ज्ञानही या प्राध्यापकांस नाही, असा तिचा आशय होता. चूक वस्तुतः टीकाकाराची होती. बाण हवेला रेटून पुढे जात नाही. मागे वेगाने फेकल्या जाणाऱ्या वायूची प्रतिक्रिया त्याला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. गॉडर्ड यांनी तर निर्वात नळकांड्यात प्रयोग करून हे आधीच ताडून पाहिले होते. थट्टा त्यांना लागली. मात्र काम थांबले नाही.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी, नात्यातील एफी वॉर्ड यांच्या बर्फाळ शेतात, नळ्यांची एक साधी चौकट उभी राहिली. तिच्यात दहा फुटांचा बाण होता. इंजिन वर आणि पेट्रोल व द्रवरूप ऑक्सिजन यांच्या टाक्या खाली, अशी त्याची रचना होती. मदतनिसाने लांब काठीला लावलेल्या ज्योतीने तो पेटविला. गर्जना झाली, पण बाण लगेच हलला नाही. इंधन जळून वजन रेट्याहून कमी होताच तो उठला. अडीच सेकंदांत ४१ फूट उंची गाठून १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडला. पत्नी एस्थर यांच्या हाती चित्रपटाचा कॅमेरा होता. परंतु त्याची किल्ली आधीच संपल्याने त्या उड्डाणाचे चित्र उरले नाही.

१९२९ च्या एका प्रयोगाच्या आवाजाने शेजारी घाबरले व तेथील प्रयोग बंद पडले. मात्र वैमानिक लिंडबर्ग यांच्या खटपटीने गुगेनहाइम कुटुंबाचे द्रव्यसाहाय्य मिळाले आणि १९३० साली गॉडर्ड न्यू मेक्सिकोतील रॉझवेलच्या माळरानावर गेले. तेथे त्यांनी ६० फुटी मनोरा उभारला. सुटताना बाणाचा वेग थोडा असतो, म्हणून तो सहज कलंडतो. मनोऱ्याच्या पट्ट्या त्याला वेग येईपर्यंत सरळ धरीत. पुढील मार्गासाठी त्यांनी भोवऱ्याच्या तत्त्वावरील घूर्णदर्शी व ज्वालेत फिरणारी पाती योजिली. मार्च १९३५ मध्ये असा बाण ४,८०० फूट चढला.

१० ऑगस्ट १९४५ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. १९६० साली अमेरिकन सरकारने त्यांच्या एकस्वांच्या वापराबद्दल दहा लक्ष डॉलर दिले. १७ जुलै १९६९ रोजी, मानवाला घेऊन अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून दुरुस्त केली. गॉडर्ड मात्र ती वाचण्यास उरले नव्हते.

विज्ञानप्रदर्शनासाठी पाण्याच्या दाबाचा बाण व त्याची घोडी तयार करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचा बाण कधी वाकडा जाईल, कधी जाग्यावरच फुटेल. अशा वेळी हसणाऱ्यांस उत्तर देत न बसता, बाण का पडला याची वहीत नोंद करावी व चौकट पुन्हा उभारावी. ऑबर्नच्या शेतातील ते ४१ फूट अशाच चिकाटीने मिळाले होते.