किमान वेतन आणि मजूरमंत्री बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण कामगाराच्या पगारासाठी ते कसे झटले, हेही मुलाबाळांना सांगायला पाहिजे.

बाबासाहेब परळच्या चाळीत राहिलेले. गिरणीत साचेखात्यात पगार बरा. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसाला तिथं मज्जाव. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप घडवला. १९४२ ला ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले.

बंधुभगिनींनो, गिरणीवाला युनियन करील, संप करील. विडी वळणाऱ्या बाईने, खडी फोडणाऱ्याने, शेतमजुराने कुणाकडे बघायचं? मजुरी बाजारावर सोडली तर उपाशी माणूस मिळेल त्या पैशात राबणारच. म्हणून ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी किमान वेतनाचं बिल मांडलं. १९४८ साली कायदा झाला आणि त्यात ही सगळी माणसं आली. मालक-मजुरांचे सारखे प्रतिनिधी समितीवर, आणि पाच वर्षांच्या आत दराचा फेरविचार.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. २०१९ साली संसदेने नवी वेतन संहिता केली, तरी दर किती असावा हा वाद चालूच आहे. त्या वादात गप्प बसू नका. जयभीम!