रेल्वेचे नाना, मराठी शाळांचे नाना

रेल्वेतला माणूस, तेव्हा रेल्वेवरच काहीतरी लिहा, असा मंडळाचा दरवर्षीचा आग्रह असतो. यंदा लिहितो आहे, पण रूळ सोडून थोडे बाजूला जाणार आहे.

जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, म्हणजे मुंबईकरांचे नाना, आम्हा रेल्वेवाल्यांना १६ एप्रिल १८५३ या तारखेमुळे ठाऊक असतात. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ३ इंजिने आणि सुमारे ४०० पाहुणे. ती गाडी धावावी म्हणून नाना १८४५ पासून सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह खटपट करीत होते. पुढे जी. आय. पी. रेल्वे कंपनीच्या संचालकांतही हे दोघे होते. १८६३ साली बोरघाटातून, ३७ ला १ अशा चढावर गाडी गेली, तीही नानांच्या हयातीतच.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा. घराणे दैवज्ञ सोनारांचे, धंदा सराफीचा व व्यापाराचा. १८२२ साली वडील वारले आणि विशीच्या आतच सारा कारभार अंगावर आला. तरीही त्याच सुमारास ते एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाखालील शिक्षण मंडळींच्या कामात पडले, ते कायमचे.

मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते मात्र १८४७ च्या आसपासचे. सरकारच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये तेव्हा वाद पेटला होता. अध्यक्ष सर एर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. शिक्षणाचा पैसा इंग्रजीवर खर्चावा, असे त्यांचे मत. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा हात होता, म्हणजे इंग्रजीचे वैरी नव्हेत. पण सामान्य रयतेपर्यंत विद्या पोहोचायची तर ती तिच्याच भाषेतून, हे त्यांनी लेखी मांडले. फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा त्यांच्या बाजूने होते. आणि चौथे कोण, तर जर्व्हिस नावाचे लष्करी इंजिनिअर! या गृहस्थांनी १८२० च्या दशकातच मुंबईत मराठीतून गणित शिकविण्यासाठी पुस्तके तयार केली होती. डिप्लोमाला असताना इंग्रजी पुस्तकासमोर तास न् तास बसलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल, ते समजून घ्यावे. महादेवपुऱ्यात आपली मुले घरी मराठी, बाहेर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. त्यामुळे हा वाद आपल्याला परका नाही. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यात वरचे शिक्षण इंग्रजीतून आणि सर्वसाधारण जनतेचे देशी भाषांतून, असे ठरले.

बाकीचे थोडक्यात सांगतो. सतीबंदीला पाठिंबा, सोनापूरची स्मशानभूमी हलविण्यास विरोध, १८४९ साली मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा, १८५२ साली बॉम्बे असोसिएशन. १८५७ मध्ये सरकारला त्यांचाच संशय आला होता. पण काही निघाले नाही आणि १८६२ साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात घेतले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. मुंबई सेंट्रलला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २०२४ साली केला. नाना चौक मात्र ग्रँट रोड स्टेशनाबाहेर कधीचाच आहे. मुंबईला जाणे झाले तर तिथून पुढे एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलपर्यंत जावे. तिथे त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.